दाराचं दुसरं टोक

ट्रंक डाव्या हातात, वळकटी पाठीवर आणि उजवा खांदा दाराला, ही आमच्या ह्यांची सुट्टीवर आल्यावर घरात शिरायची ठरलेली रीत होती. आमचं पुढचं दार खालून उंबऱ्याला घासायचं. कडी धरून ते जरा वर उचलायचं आणि मग खांद्याची धडक द्यायची, तेव्हा कुठं कुरकुर करत उघडायचं. ह्यांना मिसरूड फुटायच्या आधीपासून ते तसंच होतं म्हणे. त्यामुळं त्या दिवशीही एस.टी.तून उतरून, अंगण ओलांडून, ह्यांनी सवयीनं कडी उचलली आणि खांदा दिला.

दार आता बोटाच्या धक्क्यानं उघडतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हवालदार उत्तमराव ट्रंकेसकट आत आले ते सोप्यात गहू निवडत बसलेल्या आत्याबाईंच्या पुढ्यात आडवेच झाले. सूप एकीकडं, वळकटी दुसरीकडं, आणि गहू सगळ्या घरभर.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी पदर सावरला, लेकाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पाया पडायची एवढी कसली घाई रं? सामान खाली ठिवून पडला असतास तरी चाललं असतं."

मी स्वयंपाकघराच्या दारात हसू दाबत उभी होते. आता हे विचारतील दार कुणी नीट केलं, आणि मी सांगेन, मी. त्या एका शब्दाची मी कितीतरी महिने वाट पाहिली होती.

हे उठले, गुडघे झाडले, मागं वळून दाराकडं पाहिलं. मग जाऊन ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. वाकून खालच्या कडेवरून हात फिरवला.

"कुणी केलं?"

"मी."

ह्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. "चांगलं झालंय," म्हणाले, आणि पाय धुवायला मोरीकडं गेले. माझा शब्द तिथंच संपला. मी मनाची समजूत घातली की माणूस तीन दिवसांच्या प्रवासातून आलाय, दमलाय. पण खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं.

आमची वाघजाईवाडी सातारा जिल्ह्यातली, डोंगराच्या पोटाला. पाणी कमी, शेती त्याहून कमी, त्यामुळं पोरगं दहावी झालं की भरतीच्या रांगेत. घरटी एक तरी माणूस फौजेत. गावात राहायच्या त्या आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. घरात काही मोडलं की आमच्याकडं एकच उत्तर असायचं, हे सुट्टीवर आले की बघतील. नळ गळतोय, खाली बादली लावा, हे आले की बघतील. वर्षभराचं असं सगळं साठायचं आणि माणूस बिचारा यायचा तो सुट्टी घेतल्यासारखा नाही, ठेका घेतल्यासारखा. शिवाय आमच्याकडं पत्रात घरची अडचण लिहायची पद्धत नव्हती. तिकडं माणूस बर्फात उभा, त्याला इकडच्या गळक्या कौलांचा घोर कशाला लावायचा? सर्व क्षेमकुशल, एवढंच लिहायचं. मोडल्याचं लिहायचं नाही, तर दुरुस्त झाल्याचं तरी कुठून लिहिणार? आमचं दार बदललंय हे ह्यांना उंबऱ्यात कळलं ते त्यामुळं.

त्याच्या आदल्या सुट्टीत मला महाबळेश्वरला न्यायचं कबूल झालं होतं. मुंबईची माणसं मोटारी भरभरून येऊन ते बघून जातात आणि मी सातारा जिल्ह्यातच जन्मून, तिथंच नांदून, ते बघितलेलं नव्हतं. पण ती सुट्टी मागच्या पडवीचे पत्रे उतरवण्यात आणि पुन्हा घालण्यात गेली. 'पुढल्या खेपेला दार' असं दरवर्षीप्रमाणं म्हणून झालं. ट्रंक भरून सोप्यात ठेवली तरी हे मोरीतला नळ बसवत होते. एस.टी.चा हॉर्न ऐकून ओल्या हातांनीच पळाले. मी त्या एस.टी.च्या धुरळ्याकडं बघत उभी राहिले आणि मला मनापासून संताप आला. ह्यांचा नाही, त्या नळाचा.

असाच संताप गावात आणखी एका माणसाला आलेला होता. ज्ञानू आण्णा. फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत हवालदार होते, आता निवृत्त, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. ते एकदा पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी नोकरीभरची सुट्टी कौलांवर गेली. बायकोला बघितलं ते वरनंच." आणि त्यांनी जाहीर केलं की ज्यांची माणसं फौजेत आहेत त्या बायकांना मी घरदुरुस्ती शिकवणार, फुकट, दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात. अट एकच, जी शिकेल तिनं पुढं दुसऱ्या फौजीच्या घरी जाऊन काम करून द्यायचं. घरात नुसती म्हातारी आई असेल तिथं आधी.

आम्ही सहाजणी गेलो. गावातल्या म्हाताऱ्यांनी आमचं नाव पाना-पक्कड मंडळ ठेवलं. चिडवायला ठेवलं होतं, पण आम्हाला ते आवडलं. पहिली फळी आम्ही माझी मैत्रीण वत्सला हिच्या घरी ठोकली. ती इतकी कलती झाली की तिच्यावर ठेवलेला डबा आपोआप दुसऱ्या टोकाला जाऊन थांबायचा. वत्सलानं सगळे डबे त्या टोकाला रचले आणि फळी चांगली आहे म्हणून सांगत फिरली. पण हळूहळू हात बसला. नळाचा वायसर बदलणं, फ्यूज घालणं, कौलं चाळणं, मोरीच्या फटी सिमेंटनं भरणं, सगळं जमायला लागलं. माझा हात लाकडावर बरा बसला. रंधा मारताना कुरळी सालपटं निघायला लागली की मला जेवणाची आठवण राहायची नाही.

ह्यांचं येण्याचं पत्र आलं तेव्हा आमच्या घरात एक दार सोडून सगळं झालं होतं. वत्सला माहेरी गेलेली, थांबायला वेळ नाही. मी एकटीनंच ते दार काढलं. ते अंगावर कोसळलं नाही ही वाघजाईची कृपा. त्याला रंधा मारला, बिजागऱ्या सरकवल्या आणि आत्याबाईंच्या मदतीनं पुन्हा टांगलं. मदत म्हणजे त्या समोर बसून डावीकडं, उजवीकडं असं सांगत होत्या. त्या दिवशी मी ते दार उगाच निदान वीस वेळा उघडलं आणि लावलं. मनात म्हटलं, आता ह्यांची सुट्टी खरोखरची सुट्टी. आता दोन महिने माणूस माझा.

आणि माणूस आला तो असा.

पहिल्या दिवशी हे पहाटे उठले, व्यायाम केला, अंघोळ केली आणि विचारलं, काय काय करायचंय? मी मोठ्या ऐटीत म्हणाले, काही नाही, बसा. हे बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा बसले. चहा झाला की घरातून एक फेरी मारायचे. भिंत ठोकून बघायचे, खिडकी हलवून बघायचे, नळ घट्ट लावून त्याच्याकडं टक लावून उभे राहायचे. नळ एक थेंब गाळायला तयार नाही. मग आपली हत्यारांची लाकडी पेटी काढायचे, करवतीला, रंध्याला, डिसमिसांना तेल लावायचे, पुसायचे आणि परत पेटीत ठेवून द्यायचे. एकदा मला म्हणाले, "पाणी घेऊ का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठातलं पाणी. पाव्हणा विचारतो तसं. मला ते फार लागलं.

मी महाबळेश्वरचा विषय काढला. हे म्हणाले, जाऊ की. पण ते असं म्हणाले की मीच पुढं काही बोलले नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी जेवताना ह्यांनी सांगितलं की सोमवारी बूथवरून युनिटला फोन लावणार आहेत. तिकडं माणसं कमी आहेत, आपण लवकर हजर झालो तर चालेल का ते विचारायला.

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. "घरात काय कमी हाय?" मी विचारलं.

"काहीच कमी न्हाई," हे म्हणाले. "तेच बघतोय."

त्या रात्री मला झोप कसली येणार? मनात नाही नाही ते यायला लागलं. बायको हातोडी घेऊन गावभर फिरते याची लाज वाटत असेल का? पारावर कुणी काही बोललं असेल का? मग रागही आला. मी वर्षभर हाताला फोड आणून ही सुट्टी मोकळी केली, आणि तीच सुट्टी हा माणूस सरकारला परत करायला निघाला.

शनिवारी मंडळात गेले ती तोंड पाडूनच. वत्सलानं दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं आणि निकाल दिला की यात लाजेबिजेचं काही नाही, रिकाम्या माणसाला घर खायला उठतं, त्याला काम दे.

"कामच शिल्लक ठेवलं न्हाई आपण," मी म्हणाले.

"मग बिघडव."

सगळ्यांनी आण्णांकडं पाहिलं. आण्णा भडकले. चांगली वस्तू हातानं बिघडवायची हे मी कुणाला शिकवलेलं नाही, म्हणाले, हे पाप आहे. जरा वेळ इकडंतिकडं फेऱ्या मारल्या. मग माझ्याकडं बघून, हळू आवाजात म्हणाले, "बिघडवायचंच तर नीट बिघडवा. पुन्हा जोडता आलं पायजे."

रविवारी हे शेजारच्या गावी मित्राकडं गेले आणि पाना-पक्कड मंडळ आमच्या घरात शिरलं. इतक्या हौसेनं आम्ही कधी कुणाचं घर दुरुस्त केलं नव्हतं. मी मोरीतल्या नळाचा वायसर कापला. वत्सलानं मिक्सरची वायर सोलली आणि भांड्यांच्या फळीचे स्क्रू ढिले केले. खाटेचा एक पाय डगमगता झाला. आम्ही हे करत असताना आतून धाडकन आवाज आला. जाऊन बघते तर आत्याबाई आपल्या जुन्या ट्रंकेपाशी वरवंटा घेऊन उभ्या. कडी तुटून लोंबत होती. म्हणाल्या, "माझंबी काहीतरी आसू दे की. त्येला वाटंल, आईला माझी गरज न्हाई."

दुपारी हे परत आले. मोरीत गेले आणि नळ टपटपतोय हे ऐकून जागीच थांबले. मी स्वयंपाकघरातून चोरून बघत होते. ह्यांचा चेहरा खुलला तो मी शपथेवर सांगते. पेटी निघाली. नळ झाला, मिक्सर झाला, फळी झाली, खाट झाली. हे शीळ घालायला लागले. मी आत कांदा चिरता चिरता देवाला नारळ बोलले. तेवढ्यात शीळ थांबली आणि बराच वेळ काही आवाजच येईना, तशी मी बाहेर आले.

हे ओट्यावर बसले होते. पुढ्यात सगळं ओळीनं मांडलेलं होतं, परेडला मांडावं तसं. वायसर, वायरीचा तुकडा, स्क्रू, ट्रंकेची कडी.

"हा वायसर कातरीनं कापलाय," हे म्हणाले. "वायर झिजली न्हाई, सोलल्या. आणि कडीला हळद लागल्या."

"मला काय इचारू नगा, मला ऐकू येत न्हाई," आतून आत्याबाई म्हणाल्या. त्यांना त्या काळी पलीकडच्या आळीतलं भांडणसुद्धा शब्दनशब्द ऐकू यायचं.

मला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता रडायलाच आलं. मी सगळं सांगून टाकलं. मंडळाचं, वत्सलाचं, आण्णांनी काय सांगितलं त्याचं. तुम्हाला कामच पाहिजे होतं ना, मी म्हणाले, म्हणून मोडलं घर. आता करा फोन, आणि सांगा साहेबाला की बायको घर मोडायला लागली, मला तिकडंच घ्या.

हे उठून दारापाशी गेले. एका बोटानं ते उघडलं, लावलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "शालन, हे तू केलंस कसं?"

"कसं म्हंजे?"

"पयल्यापासनं सांग. आडवं कुठं घातलंस?"

"अंगणात. एक टोक खाटंवर, एक पिंपावर."

"रंधा कुठनं सुरू केलास?"

"बिजागरीच्या अंगानं."

ह्यांनी मान हलवली. "मी कडीच्या अंगानं करायचो," म्हणाले. मग विचारलं, "दुसरं टोक कुणी धरलं?"

"कुणी न्हाई. वत्सला माहेरी होती. पाटा ठेवला वर, वजनाला."

हे उंबऱ्यावर बसले. मी विचारलं, तुम्ही कधी केलंत हे दार? तुमचं तर दर सुट्टीत राहून जायचं.

"वर," हे म्हणाले. "चौकीवर."

मला काही कळेना. मग ह्यांनी सांगितलं. इतकी वर्षं संसार झाला, पण तिकडचं हे कधी बोलले नव्हते. बर्फात पहाऱ्यावर उभं राहिलं की डोळे मिटून चालत नाही आणि मनाला काही धरायला नसलं तर माणूस उभ्या उभ्या वेडा होतो. त्यामुळं ज्यानं त्यानं आपलं काहीतरी धरलेलं असतं. एकजण मनातल्या मनात गावाकडचं रान नांगरतो. एकजण आईच्या हातचा सगळा स्वयंपाक पहिल्यापासून करतो.

"मी हे दार काढायचो," हे म्हणाले. "रोज. आधी वरची बिजागरी, मग खालची. मग दोघांनी उचलून अंगणात न्यायचं, दोन बाकांवर आडवं घालायचं. या टोकाला मी, त्या टोकाला तू. मी रंधा मारला की तू म्हणायचीस, जरा लांब करा, भुसा पिठात जाईल. मी म्हणायचो, धर नीट, हलवू नको. तू म्हणायचीस, मी न्हाई हलवत, तुमचाच रंधा बोथट हाय. असं करत करत दार बसंस्तवर पहारा बदलायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचो."

मी चौकटीला टेकले.

"म्हणून हितं आल्यावर करत नव्हतो. एकदा केलं तर वर काय करू?" ह्यांनी उंबऱ्यावर हात फिरवला. जिथं दार घासून घासून खाच पडली होती तिथं. "आलो तर दार झालेलं. आणि बघितलं, तुझं माझ्यावाचून काही अडत न्हाई. मग म्हटलं, तिकडं तरी कुणाचं अडत असंल."

मला इतकं भरून आलं की मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावरच बसले. भर दिवसा, रस्त्यावरून दिसतं, कसलंही भान ठेवलं नाही.

"अडत कसं न्हाई?" मी म्हणाले. "दाराचं दुसरं टोक धरायला मला माणूस नव्हतं. तो पाटा सारखा घसरत होता. मी त्येला दम देत होते, धरा नीट, धरा नीट म्हणून. तुमचं नाव घेऊन. उखाणा न घेता, नुसतं नाव."

हे माझ्याकडं वळले. "पाट्याला?"

"पाट्याला."

"काय म्हणालीस?"

मी ते पुन्हा म्हणून दाखवलं नाही. पण हे असे हसायला लागले की आतून आत्याबाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, तुम्हाला ऐकू येत नाही ना?

सोमवारी फोन लागला नाही. म्हणजे लावलाच नाही. सकाळी हे माझ्याबरोबर आण्णांकडं आले आणि मंडळात नाव घाला म्हणाले. मंडळ बायकांचं आहे, पण विचार करू, असं आण्णांनी त्यांना ऐकवलं. मग मी आण्णांना दाराचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काढलेली विडी न पेटवताच परत ठेवून दिली.

"मी कौलांवर बसायचो," ते म्हणाले, "तवा खालनं एकेक कौल ती हातात द्यायची. दिवसभर. माझ्या ध्यानातच आलं न्हाई की हीच सुट्टी." मग त्यांनी आम्हाला पुढल्या आठवड्यासाठी सोनाकाकूंचं घर नेमून दिलं.

त्याआधी महाबळेश्वर झालं हे सांगायला पाहिजे. दोन दिवस गेलो. मी स्ट्रॉबेरी खाल्ली, घोड्यावर बसले, दऱ्या बघितल्या. आमच्या गावाच्या मागं तसल्याच दऱ्या आहेत, पण त्या फुकट बघायला मिळतात म्हणून कुणी बघत नाही. लॉजवरच्या खोलीची कडी लागत नव्हती. हे खाली जाऊन मॅनेजरकडून डिसमिस मागून आले. मी म्हणाले, इथंही? हे म्हणाले, तू कडी धर. मी धरली, आणि मला ती कडी सगळ्या पॉइंटांपेक्षा जास्त लक्षात राहिली.

सोनाकाकूंचा लेक विलास फौजेत, आसामकडं होता. घरात त्या एकट्या. आम्ही दोघांनी त्यांची कौलं चाळली, गळका नळ केला, दिव्याचं बटण बदललं. राहिलं होतं ते भिंतीतलं कपाट. त्याचं दार फुगून इतकं घट्ट बसलं होतं की काकू त्यात काही ठेवतच नव्हत्या. ह्यांनी रंधा काढला, मी दाराचं टोक धरलं, आणि रंधा लाकडाला लावता लावता हे थांबले.

"काकू, विलास ह्याचं काय म्हणतो?"

"काय म्हणणार?" काकू म्हणाल्या. "आलो की करतो म्हणतो. दर वक्ताला."

हे माझ्याकडं बघून हसले आणि त्यांनी रंधा पेटीत ठेवून दिला. "मग राहू दे ते," म्हणाले. "त्येचं काम हाय."

काकूंना वाटलं आम्ही दमलो, म्हणून त्यांनी चहा टाकला.

ह्यांना निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. पाना-पक्कड मंडळ अजून चालतं. आता सुना येतात, त्यांच्याकडं ड्रिल मशीन आहेत, त्या मोबाइलवर बघून फरशीसुद्धा बसवतात आणि त्यांच्या फळ्या कलत्या होत नाहीत. पण कुठल्याही फौजीच्या घरात गेल्यावर हत्यारं काढायच्या आधी त्या एक प्रश्न विचारतात, त्याचं काय ठेवायचंय? घरची बाई एक काम दाखवते. त्याला हात लावायचा नाही.

आमच्या घरातलं असं राखलेलं पहिलं काम ह्यांनी स्वतः निवडलं. त्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, ट्रंक भरून झाल्यावर. ह्या खेपेला हात कोरडे होते आणि एस.टी.ला अवकाश होता. हे सगळ्या घरातून फिरले, शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबले आणि तिची फळी हलवून बघितली. लाकूड आकसलं होतं, वारा आला की ती चौकटीत खडखडायची.

"ही," हे म्हणाले. "हिला हात लावायचा न्हाई."

त्या वर्षी थंडी फार पडली. डोंगरावरून वारं सुटलं की खिडकी दिवसभर वाजायची. एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, आत्याबाई चुलीपाशी शेकत बसल्या होत्या आणि खिडकीनं नुसता ताल धरला होता. आत्याबाई वैतागल्या. म्हणाल्या, गावाची घरं सुधारती आणि स्वतःच्या घरातली खिडकी अशी नाचती, दोन पाचरा मारायला काय होतं तुला?

"राहू द्या, आत्याबाई," मी म्हणाले. "हे करतायत ती."

त्यांनी दाराकडं पाहिलं. दार बंद होतं. मग माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं, आणि वाजती खिडकी जरा वेळ ऐकत राहिल्या. पदरानं डोळे पुसले, धुराला दोन शिव्या दिल्या आणि माझ्या हातातलं पीठ आपल्याकडं ओढून घेतलं.

"मग तू हितं काय करतीस?" त्या म्हणाल्या. "जा, दुसरं टोक धर."

मी हात धुतले आणि जाऊन खिडकीची चौकट धरून उभी राहिले.